कालव्याच्या वरची माती

‘आत्या, अण्णा गेले,’ एवढंच मिलिंद म्हणाला. त्याच्या मागं काँक्रीट कालवायच्या मिक्सरचा आवाज येत होता. घरून त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, त्याला कळवलं होतं आणि त्यानं होता तिथूनच, पोल्ट्रीच्या शेडच्या कामावरूनच, मला फोन लावला होता. मिक्सर बंद कर असं त्यानं कुणाला तरी ओरडून सांगितलं आणि आवाज थांबला. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उभी हयात काढली. माणूस गेल्याचं मी इतरांना इतक्यांदा सांगितलं आहे की ते ऐकून घेणंही मला जमेल असं वाटायचं. नाही जमलं. मी आपलं भलतंच विचारलं, ‘तू माळावर आहेस का?’ तो म्हणाला, ‘व्हय.’ भावाच्या मरणाची बातमी मला त्या माळावरून यावी, हे अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं कारण दिलं. मी त्यांच्याशी भांडायला जाणार नाही, हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. पण ते कशानं बंद पडलं याबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि लोकांनी ‘सर भाग्यवान, झोपेत गेले’ असं म्हटलं की ते मत आणखी पक्कं होतं.

आमचं गाव भवानीनगरच्या पुढं. गावातून कालवा जातो. कालव्याच्या खाली काळी रानं आणि ऊस, कालव्याच्या वर माळ. खालचं त्यांचं, वरचं आमचं. आजोबांच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतली, गावकीची कामं टाकून दिली आणि हा माळ धरून राहिली, कारण तो कुणाला नकोच होता. त्या माळावरची जमीन हलकी होती असं म्हणणं म्हणजे त्याचं कौतुक करणं होईल. खाली कातळ, कातळावर मुरूम, मुरमावर गोटे आणि अधूनमधून तरवडाची झुडपं. अण्णांना नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, आता हा कालव्याखाली तुकडा घेणार. त्यांनी तर पहिल्याच उन्हाळ्यात पहार आणली आणि माळावर गोटे उपटायला सुरुवात केली. आमचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, बांधावर उभे राहून बघत होते.

‘दगडात काय पिकवणार हायस?’ आबांनी विचारलं.

‘माती,’ अण्णा म्हणाले.

आबांना हे चेष्टेचं वाटलं. गावालाही वाटलं. पण अण्णा अगदी शब्दशः बोलत होते. शाळेत ते खडकांचं विदारण शिकवायचे, आणि फळ्यावर शिकवायचं एक आणि रानात करायचं दुसरं असा त्यांचा स्वभाव नव्हता. उन्हाळ्यात उपटलेले गोटे ते तसेच उघड्यावर पसरून ठेवायचे. दिवसा ऊन दगडाला तापवतं, रात्री गारवा त्याला आखडवतो, आणि असं होता होता त्याचे पापुद्रे सुटतात. मग वळवाचं पाणी त्या फटीत शिरतं. दोन-तीन पावसाळे काढलेला गोटा ते माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘सोल.’ खरंच कांद्यासारखा सोलायचा तो, आणि आतलं नुसत्या बोटांनी चुरायचं. सगळेच गोटे असे नव्हते. काही शेवटपर्यंत हट्टी राहिले, ते तालीत गेले. उताराला आडव्या दगडी ताली घालून त्यांनी पाण्याला थांबायला लावलं, आणि पाणी थांबलं की त्याच्याबरोबर वाहणारा बारीक चुराही थांबतो. तालीच्या पोटाशी पहिल्यांदा मूठभर काहीतरी साचलं तेव्हा ते वहिनीला दाखवायला ओंजळीत घेऊन घरी आले होते. वहिनीचे हात भाकरीच्या पिठात होते. ती म्हणाली, ‘ठेवा तिकडं, आन् आधी हात धुवा.’

नुसत्या चुऱ्याची माती होत नाही, हे ते शंभरदा सांगायचे. तो कुजवलेल्या पाल्यात मुरावा लागतो, त्यात मुळ्या जाव्या लागतात, त्या मराव्या लागतात. कालव्याखालची माणसं ऊस तुटला की पाचट पेटवून मोकळी व्हायची. अण्णा ज्याला त्याला विचारून ते पाचट मागून आणायचे आणि माळावर पसरायचे. हुलगा पेरायचे आणि फुलावर आला की काढायचं सोडून जमिनीत गाडायचे. आबा तेव्हा थकले होते, पण हे बघून त्यांना राहवलं नाही. ‘हाताशी आल्यालं पीक मातीत घालतुया, पोरगं वाया गेलं,’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मग मुरमाला भेगा पडल्या तिथं सीताफळ लागलं. सीताफळाच्या मुळ्यांनी मुरूम फोडला. असं करत करत, माझे केस पांढरे होईपर्यंतच्या काळात, त्या माळावर गुडघ्याच्या खालपर्यंत भरेल अशी तांबूस काळी, भुसभुशीत माती उभी राहिली. पावसानंतर तिला वास यायचा. त्या माळाला यापूर्वी कधी वास नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की अण्णा विदारणाचा धडा शिकवायला वर्गाला माळावर आणायचे. मुलांना दगड वाहायला लावतात म्हणून एकदा तक्रारही झाली होती. त्या मुलांत दिनकर होता. कालव्याखालच्या बागायतदाराचा मुलगा, घरी गडीमाणसं, पण माळावर आला की इतरांच्या आधी वाकायचा. अण्णांचा त्याच्यावर जीव होता. मातीत हात घालून ही कोवळी, ही पक्की, हे बरोबर सांगणारा वर्गात तो एकटाच होता. पुढं तो शिकला, बारामतीच्या रस्त्याला त्यानं रोपवाटिका काढली, बंगल्यांच्या बागा करून देऊ लागला आणि दिनकरराव झाला. येता-जाता अण्णांच्या पाया पडायचा. ते पाया पडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडं एक समज फार खोल गेलेला आहे, आणि तो शिकल्या-सवरलेल्यांतही आहे. माती म्हणजे टिपरनं येणारी वस्तू. उजनी धरणाचं पाणी उतरलं की काठावरचा गाळ भरायचा, माळावर ओतायचा, सपाट करायचा आणि लगेच लागवड. रान करायचं म्हणजे एवढंच. मिलिंदच्या सगळ्या मित्रांनी असंच केलं होतं. अण्णांना ते पटायचं नाही. गाळ म्हणजे कुणाचं तरी वाहून आलेलं रान, असं ते म्हणायचे, आणि खाली कातळ फुटलेला नसेल तर मुळ्या खाली जाऊन परत फिरतात. मिलिंद ऐकायचा, मान हलवायचा. बापाचं ऐकून घ्यायचं आणि करायचं मित्रांसारखं, यात त्याला काही वावगं वाटायचं नाही.

गेल्या वर्षी ताल नीट करताना अण्णा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ऑपरेशन झालं. पुढचे काही महिने ते माझ्याच फ्लॅटवर होते, कारण दवाखाना जवळ आणि घरात नर्स फुकट, असं तेच म्हणायचे. मिलिंद दर रविवारी यायचा. त्याला मी वाईट मुलगा म्हणू शकत नाही. बापाला उचलून बसवायचा, अंग पुसायचा, पायांना तेल लावायचा. अण्णा प्रत्येक वेळी माळाबद्दल विचारायचे. पाऊस झाला का, ताली भरल्या का, हुलगा गाडला का. मिलिंद म्हणायचा, ‘समदं बरं हाय अण्णा, तुमी आधी चाला.’

अण्णा चालायला लागले. काठी घेऊन, पण लागले. आणि पहिली गोष्ट मागितली ती माळ. मिलिंदनं दोन-तीनदा टाळलं. शेवटी मीच गाडी ठरवली आणि त्यांना घेऊन गेले. आम्ही येतोय हे कळल्यावर मिलिंद आधीच तिथं येऊन उभा होता.

तालींच्या आत माती नव्हती. सीताफळं नव्हती. जेसीबीच्या दातांच्या खुणा उमटलेला पिवळा मुरूम तेवढा होता, चोख सपाट केलेला, आणि त्यावर चुन्याच्या फक्कीनं आखलेला एक लांबलचक चौकोन.

‘पोल्ट्रीला खाली कठीण लागतं, अण्णा,’ मिलिंद म्हणाला. ‘मातीवर शेड बसत न्हाय. दिनकरराव म्हणले, मी साफ करून देतो, माती मला न्हिऊ द्या. एक पैका लागला न्हाय आपल्याला.’

मीच म्हटलं, ‘विचारायचंस तरी.’

‘इचारलं असतं तर हो म्हणले असते का आत्या? आन् मातीचं काय एवढं, पलीकडच्या पट्टीत गाळ आणून टाकू की. उजनी काय लांब हाय? आठवड्यात रान करून देतो तुमाला, अण्णा.’

तो मनापासून बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, थोडी भीती होती आणि बापाला खूश करायची घाई होती. आपण नक्की काय दिलं हे त्याला कळलेलं नव्हतं, आणि कळेल असंही मला वाटेना. त्याचा जन्म झाला तेव्हा तालीत निम्मी माती साचलेली होती. ती आधी नव्हती, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं...

अण्णा काठीवर वाकून थोडं पुढं गेले, मुरमावर काठीचं टोक टेकवलं आणि वही तपासल्यासारखं म्हणाले, ‘चांगलं साफ केलंय.’ परतताना गाडीत, काटेवाडी गेल्यावर, माझ्याकडं न बघता बोलले, ‘दिनकरनं खालचा मुरूम नाही उचलला. मुळ्या पोचल्या होत्या तेवढंच उचललंय, बरोब्बर. माती कळते त्याला.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला तो सोसला असता. आपला विद्यार्थी पास झाल्यासारखं ते बोलत होते, आणि मला खिडकीतून बाहेर थुंकावंसं वाटलं.

त्या दिवसानंतर त्यांनी पावसाची चौकशी केली नाही. पुढं गावी राहायला गेले, वहिनीनं वाढलं ते खाल्लं, वर्तमानपत्र वाचलं, मिलिंदशी नेहमीसारखं बोलले. मी जाऊन-येऊन नाडी, रक्तदाब सगळं बघत होते, सगळं ठीक होतं. दगड झिजताना दिसत नाही, असं ते मुलांना सांगायचे. माणूसही दिसत नाही, आणि माझ्यासारखी आयुष्यभर माणसं बघितलेली बाईसुद्धा शेजारी बसून फसते.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव लोटलं होतं. कालव्याखालचेही आले होते. त्रिसरण-पंचशील झालं, मग भाषणं. दिनकरराव बोलायला उभे राहिले. सरांनी माळाचं नंदनवन केलं म्हणाले, दगडाला पाझर फोडला म्हणाले, आणि पुढं त्यांना खरोखरच हुंदका आला. लोकांनी डोळे पुसले. वहिनीनंही पुसले. मी पुसले नाहीत. नंदनवन आता कुठल्या-कुठल्या बंगल्यांच्या हिरवळीखाली आहे, हे त्यांनी सांगावं म्हणून मी वाट बघत होते. ते त्यांना लपवायचं नव्हतं, फक्त सांगण्यासारखं वाटलं नाही.

सरांची आठवण म्हणून त्यांनी आलेल्या प्रत्येकाला एकेक रोप दिलं. टेम्पो भरून आणली होती. मी हात न लावता निघाले, तर मागून धावत आले. हातात मोगऱ्याची कुंडी.

‘ताई, तुमच्यासाठी वेगळं काढलंय. सरांच्याच मातीत भरलंय, मुद्दाम. रोपाला दुसरं काही लागायचं न्हाय. असली माती आता मिळत न्हाय कुठं.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी आभार मानले. त्यांनी वाकून नमस्कार केला. ती कुंडी त्यांच्या तोंडावर फेकावी असं माझ्या अगदी मनगटापर्यंत आलं होतं, पण त्यात होतं ते अण्णांचं होतं. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि बारामतीपर्यंत मांडीवर घेऊन आले.

आता ती माझ्या गॅलरीत आहे. मोगरा मला आवडत नाही, कधीच आवडला नाही. त्याला कळ्या आल्या आहेत, येणारच. सकाळी पाणी घातलं की कुंडीच्या भोकातून थोडं गढूळ पाणी फरशीवर येतं. पहिल्या दिवशी मी सवयीनं ते फडक्यानं टिपलं, फडकं बादलीत पिळलं आणि बादली मोरीत रिकामी करायला उचलली. उचलली आणि तशीच उभी राहिले. बादलीच्या तळाशी चिमूटभर माती बसली होती. मोरीतून गटारात, गटारातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला, नदीतून एखाद्या बंधाऱ्यात, आणि कधीतरी गाळ म्हणून कुणाच्या तरी टिपरमध्ये... अण्णांनी वर्गाला सांगितलं असतं ते सगळं मला पाठ आहे. मी बादली परत गॅलरीत आणली आणि ते पाणी कुंडीत ओतलं. तेव्हापासून रोज फरशी टिपते, फडकं पिळते आणि ओतते.