वास हरवलेलं घर

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. घरात सासूबाई, मी आणि आमची चार वर्षांची मुलगी. मी हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायचे.

त्या हिवाळ्यात मला ताप आला. ताप उतरला, सर्दी गेली, पण वास येईना. जेवण कागद चघळल्यासारखं लागायचं. फोनवर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर्दी आहे गं, जाईल." मलाही तसंच वाटत होतं.

मग एक रविवार आला. सासूबाई विहारात कार्यक्रमाला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "मला उशीर झाला तर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती तू लाव." संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. बोलणं लांबलं. फोन ठेवला तेव्हा अंधारून आलं होतं आणि दूध मी साफ विसरले होते. मूर्तीपुढे मेणबत्ती ठेवली, काडेपेटीतून काडी काढली.

मुलगी झोपेतून उठून हॉलच्या दारात आली. तिनं नाक दाबलं होतं.

"आई, घाण वास येतोय."

"कसला?"

"कांदा सडलाय."

मी जोरात श्वास ओढला. नाकात गार हवा शिरली, बाकी काही नाही. घरात सडायला कांदे नव्हतेच. मग दूध आठवलं आणि मी स्वयंपाकघरात धावले.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण तसंच उघडं, आणि बारीक सूं सूं चाललेली. किती वेळ, कोण जाणे. मी बटण फिरवलं, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. दिव्याच्या बटणाकडे सवयीनं गेलेला हात मागे घेतला. मुलीला उचललं आणि अनवाणी जिना उतरले. खाली पार्किंगमध्ये पोचल्यावर पाहिलं, ती काडी अजून माझ्या मुठीत होती.

"आई, तू का हलतेस?" मुलीनं विचारलं.

"थंडी वाजतेय."

सासूबाई आल्या तेव्हा आम्ही तिथेच उभ्या होतो. सगळं ऐकून त्या एकट्या वर गेल्या, खिडक्या-दारं उघडून बराच वेळ थांबल्या, मग जिन्यातून म्हणाल्या, "या आता. गेलाय वास." एरवी कुणाला न रागावणारी ती बाई त्या दिवशी एवढंच बोलली, "मी घरी नसताना शेगडी पेटवायची नाही."

त्यानंतर मी घराला घाबरू लागले. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी मुलीला विचारायचे, "बघ गं, कसला वास येतोय का?" फ्रिजमधली भाजी विटली असेल का, वायर जळत असेल का, माझ्याच अंगाला घामाचा दर्प येत असेल का? बसमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसली तरी मी उठून दाराशी जाऊन उभी राहायचे.

सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. "परत येईल ना?" मी विचारलं. "मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही," ते म्हणाले. "काहींचा येतो, काहींचा नाही. रोज ओळखीच्या वस्तू हुंगत राहा." मी लवंग, लिंबू, साबण हुंगत राहिले. भिंत हुंगल्यासारखं वाटायचं.

खरी भीती मात्र मी कुणाला सांगत नव्हते. एकदा मुलीला न्हाऊ घातल्यावर सासूबाईंपुढे ती भीती बाहेर पडलीच. "आई, हिला जवळ घेते, पण जवळ घेतल्यासारखं वाटत नाही. हिच्या केसांचा, मानेचा वास... काहीच येत नाही. दुसऱ्या कुणाचं मूल असावं तसं होतं. माझी मायाच आटली असेल तर?"

सासूबाई टॉवेलनं नातीचं डोकं पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वाटत नसलं तरी घेत जा. तिला तुझा वास येतोय."

मी घेत राहिले. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक करताना सासूबाई मोठ्यानं सांगू लागल्या, "फोडणी बसली. हिंगाचा वास आला बघ. आता कोथिंबिरीचा." मी ओट्याला टेकून ऐकायचे.

उन्हाळ्यात वास आला, तो भलताच. ऑफिसातली कॉफी जळक्या रबरासारखी, आंबे रॉकेलसारखे. मी मशीनपाशीच कप टाकून दिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. काही नसण्यापेक्षा हे भयंकर होतं. आता नाक खोटं बोलत होतं.

नवरा परत आल्यावर आम्ही मुलीला कात्रजचं प्राणिसंग्रहालय दाखवायला नेलं. एका पिंजऱ्यापाशी मी एकदम थबकले. उग्र, ओला, जनावराचा दर्प. माझा विश्वास बसेना, मी पुन्हा श्वास ओढून पाहिला.

"तुला वास येतोय का?" मी नवऱ्याला विचारलं.

"येतोय म्हणजे? मगापासून नाक धरून उभा आहे. चल इथून."

"थांब जरा," मी म्हणाले आणि कठड्याला धरून तिथेच उभी राहिले. लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात होते.

पुढे बरेचसे वास परतले. मोगऱ्याचा आला नाही, पावाच्या बेकरीचाही नाही. गॅसचा येतो, असं वाटतं. पण घरी एकटी असले की त्या वाटण्यावर विसंबून मी अजूनही काडी ओढत नाही; आधी शेजारच्या काकूंना हाक मारते.