बुटांच्या बातमीची नोटीस

मुंबईत गोळीबार झाला त्या वर्षी नायगावच्या आमच्या चाळीचा फळा मी लिहीत होते. एकवीस वर्षांची होते, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लढणाऱ्या समितीच्या कार्यकर्त्यांनी तो चाळीच्या तोंडाशी उभा केला होता. संध्याकाळी शाळेतून आले की मी त्यावर दिवसाच्या बातम्या लिहायचे. सभा कुठे आहे, कोणाला पकडलं, कुठली गिरणी बंद राहिली. माझं अक्षर ठळक आणि सरळ, एवढ्यावरच ते काम माझ्याकडे आलं होतं. मत कोणी विचारलं नव्हतं.

बाबा परळच्या एका सरकारी कारखान्यात फिटर होते. त्या उन्हाळ्यात एका छोट्या साप्ताहिकात बातमी आली, की या कारखान्यातल्या कामगारांना दिलेल्या बुटांच्या तळात चामड्याऐवजी पुठ्ठा घातला आहे, असं एका सभासदाने लोकसभेत सांगितलं. त्याने कंत्राटदाराचं नावही घेतलं होतं. बाबांचे बूट पंधरा दिवसांतच उलले होते, त्यामुळे बातमी वाचून मला मजाच वाटली. मी ती दोन ओळींत फळ्यावर लिहिली. नावासकट.

आठवड्याभरात रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. इंग्रजीत होती. दारातच उभी राहून वाचली. माझ्या लिहिण्याने आपल्या अशिलाची अब्रू गेली आहे, असं कंत्राटदाराच्या वकिलाने लिहिलं होतं. त्याच फळ्यावर पंधरा दिवस माफी लिहा, नाहीतर कोर्टात या. साप्ताहिकाच्या संपादकांनाही तशीच नोटीस गेली होती. त्यांनी पुढच्याच अंकात माफी छापून टाकली होती.

बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना अर्थ सांगितला. ते खाटेवर बसले ते उठेचनात.

"तुका कोणी सांगितलेला लिवूक?"

"बाबा, बूट तुमचेच फाटले ना?"

"फाटले ते माझे फाटले. फळ्यार कशाक घालूचे? माझी नोकरी सरकारी. तुझीव तशीच."

दुसऱ्या दिवशी मी दादरला एका वकिलांकडे गेले. चळवळीत पकडलेल्या लोकांची कामं ते करत. नोटीस वाचून ते म्हणाले, "सभागृहात सभासद काहीही बोलला तरी त्याला कोर्टात खेचता येत नाही. पण तेच बोलणं बाहेर छापणाऱ्याला ते संरक्षण नाही."

"म्हणजे ते बोलले ते चालतं आणि मी नुसतं सांगितलं तर गुन्हा?"

"आज तरी तसंच आहे. पण नेमकं यावरच सध्या दिल्लीत विधेयक आलंय. सरकारी पक्षाच्याच एका सभासदाने आणलंय, मंत्र्याने नाही." त्यांनी टेबलाखालून इंग्रजी वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा काढला. "यात चर्चा आहे. वाच आणि परत आणून दे."

मी दोन दिवस ते वाचत होते. शब्दकोश घेऊन, अडखळत. सभागृहात जे बोललं जातं ते लोकांच्या वतीने बोललं जातं, मग ते लोकांपर्यंत पोहोचवणारा भीतीत का राहावा, असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला काळजी होती, की सभासद चुकीचं बोलला आणि पेपरांनी ते गावभर केलं, तर ज्याचं नाव गेलं त्याने कुठे दाद मागायची? वाचताना मला दोन्ही पटत होतं, आणि त्याने मी जास्तच गोंधळले. शेवटी ठरवलं, ही चर्चाच फळ्यावर मराठीत लिहायची.

समितीचे सेक्रेटरी भडकले. "दिल्लीनं मुंबई आपल्याला नाकारली. पोरं गेली आपली. आणि तू दिल्लीचं कौतुक लिहिणार?"

"कौतुक नाही हो. उद्या आपला माणूस तिथे उभा राहून मुंबईसाठी बोलेल. ते इथे छापलं म्हणून कोणी नोटीस पाठवली तर?"

सेक्रेटरींनी खडूची नवी पेटी आणून माझ्या हातात दिली.

चार दिवस मी चर्चा लिहिली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतर वाचून दाखवत. लोक तिथेच भांडत. बहुतेकांचा कौल उघड होता: छापू द्या, सगळं छापू द्या. चौथ्या दिवशी मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी माझ्याजवळ आल्या. त्या गिरणीत कांडी खात्यात सुताच्या कांड्या भरायच्या, तरुणपणी विधवा झालेल्या. मी लहान असताना कोणीतरी जिन्याच्या भिंतीवर त्यांच्याबद्दल घाण लिहिलं होतं. त्यांच्या भावाने ते चुन्याने पुसलं, पण मावशींच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलंच.

"तो दुसरा म्हणतोय ना, नाव गेलेल्याने काय करायचं," त्या म्हणाल्या, "त्याचं पण मोठ्या अक्षरात लिही हो. आणि एक सांग, त्या बूटवाल्याला तू काही विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. मनातही आलं नव्हतं.

रविवारी मी कंत्राटदाराच्या घरी जायला निघाले. निघताना पाहते तर बाबा धुतलेला सदरा घालून उभे, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "एकटी जाव नको," एवढंच म्हणाले.

कंत्राटदार साठीचे होते, दादरला दोन खोल्यांत राहत. कोणी खलपुरुष दारात येईल अशा तयारीने मी गेले होते, आणि आतून चष्मा पुसत एक थकलेला गृहस्थ आला. मी कोण ते कळल्यावर त्यांचा आवाज चढला. "माझी मुलगी सासरी आहे. तिचं पत्र आलंय. विचारते, बाबा, लोक म्हणतात ते खरं का? काय उत्तर देऊ मी तिला?"

बाबांनी पुडकं सोडलं आणि आपला बूट जमिनीवर ठेवला. तळ तोंडासारखा उघडला होता आणि आत भिजून फुगलेला पुठ्ठा दिसत होता. बुटाच्या जिभेवर कंत्राटदारांच्या मालाचा शिक्का होता. कंत्राटदारांनी बूट उचलला, बोटाने पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि चुरगळला.

"तळ मी दुसऱ्याकडून घेतो," शेवटी ते म्हणाले. "वरून चांगले दिसले. कापून कधी बघितले नाहीत."

"मग हेच लिहून द्या," मी म्हणाले. "जिथे बातमी लिहिली होती तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहीन. माफी मात्र लिहिणार नाही. मी खोटं लिहिलेलं नाही."

"वकिलाला विचारतो," असं म्हणून ते आत गेले. पण जाताना बाबांना चहा विचारायला विसरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांचं चार ओळींचं पत्र आलं. तळ बाहेरून घेतले, तपासले नाहीत ही आपली चूक, बूट बदलून देऊ. मी शब्द न शब्द उतरवला. काही जण म्हणाले, नाटकं आहेत. मावशी म्हणाल्या, "कबूल तरी केलंन." पावसाळा संपायच्या आत बूट बदलून मिळाले. कोर्टाचं बोलावणं आलंच नाही.

दरम्यान, पावसाआधीच, ते विधेयक मंजूर झालं. मी धावत वकिलांकडे गेले. "आता माझा फळा सुटला ना?"

त्यांनी कायद्याचा मजकूर दोनदा वाचला आणि हसू लागले. "संसदेतल्या कामकाजाचा खरा वृत्तांत, वाईट हेतू नसताना, लोकहितासाठी छापला तर संरक्षण आहे. पण वर्तमानपत्राला. छापलेलं हवं. खडूचं यात बसत नाही. आणि मुंबईच्या विधानसभेत कोणी बोललं तर तेही नाही."

माझा चेहरा पडलेला पाहून ते म्हणाले, "अगं, छापणाऱ्यांना तर मिळालं. उरलेलं मागायला कोणीतरी लागेलच की."

त्या संध्याकाळी मी फळ्यावर कायदा झाल्याची बातमी लिहिली. हा फळा त्या कायद्यात येत नाही, हेही खाली लिहिलं. त्यावर चाळीत मोठा हशा पिकला. सेक्रेटरी म्हणाले, मग ते पण दिल्लीकडे मागू, नाहीतरी मागण्यांची यादी लांबलचकच आहे.

त्याच जूनमध्ये मी सकाळच्या कॉलेजात नाव घातलं. वकील व्हायला मला पुढे आठ वर्षं लागली. पण नाव घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शाळेला निघाले होते, तर नळावर बाबांचा आवाज ऐकू आला. ते कोणाला तरी आपल्या लेकीबद्दल ठासून सांगत होते, "माझा चेडू वकील होतला."

मी जिन्यातच थांबले. बाबांचं सांगून होईपर्यंत खाली उतरले नाही.