दादाच्या चाकूची धार

आम्ही दोघा भावांनी घडीचे दोन चाकू एकाच दिवशी, खोपोलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतले होते. लाकडी मूठ, पितळेचे खिळे, बोटभर पातं. पुढे तो चाकू यायचा बंद झाला. दुकानातले चाचा म्हणाले, कंपनीनंच बंद केला, आता असा मिळणार नाही, जपा.

मी जपला. साजगावच्या कारखान्यात मी फिटर आहे, तरी तो रोज नुसता खिशात नेला आणि खिशात परत आणला. दादा कडावला शेती करतो, दोन म्हशी आहेत. त्यानं त्याचा वापरला. पेंडीच्या पोत्याची शिवण, म्हशीचं दावं, भाऱ्याचा बंध, सगळं त्याच चाकूनं. विहिरीजवळच्या दगडावर घासून घासून पातं निम्मं उरलं होतं, पण धार अशी की केळीचं पान न फाटता सरळ सुटायचं. आळीत कुणाला काही कापायचं असलं की त्यालाच हाक. एकदा आम्ही कडावला गेलो असताना मी खिशातून माझा काढला तर बायको म्हणाली, "तुमचा नको, मोठ्या भाऊजींचा आणा." ती सहज बोलली. मला ते कितीतरी दिवस टोचत राहिलं.

पुढचं सांगायला लाज वाटते. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या ग्राइंडरवर मी माझं पातं झिजवायला घेतलं. तेव्हा एवढंच मनात होतं, की माझाही वापरलेला दिसावा. कुणी बघेल या घाईत मधूनमधून पाण्यात बुडवायचं राहिलं आणि पातं निळं पडलं. असं पोलादाचं पाणी गेलं की त्यावर धार टिकत नाही, हे फिटरला वेगळं सांगावं लागत नाही. पॉलिश पेपरनं निळा डाग काढला, मूठ तेलानं चोळून काळी केली. मग लक्षात आलं, दोन्ही चाकू आता सारखेच दिसतात.

पुतणीच्या हळदीला केळीची पानं कापायला मी दादाचा चाकू मागितला. आमच्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. त्यानं ओट्यावर ठेवला, मी उचलला. पानं झाल्यावर मी ओट्यावर माझा ठेवला. त्यानं न बघताच खिशात टाकला.

त्यानंतर रविवारी कधीही गेलो तरी तो दगडावर घासत बसलेला असायचा. दोन बंध कापले की धार बोथट. त्यानं दगड बदलला, तरी तेच. शेजारी हळूहळू हाक मारेनासे झाले. एकदा दोरी कापायला वहिनीची विळी घेऊन बसला होता. मला म्हणाला, "माजा हातच गेला रं. धार लागत नाय आता."

खरं सांगतो, ऐकून मला बरं वाटलं. पण पुढच्या रविवारी तो नुसता स्वतःच्या बोटांकडे बघत बसला होता. ते मला बघवलं नाही.

त्याचा चाकू त्याच्यापुढे ठेवला आणि ग्राइंडरपासून सगळं सांगितलं. शिवी येईल म्हणून थांबलो. त्यानं पातं उघडून नखावर टेकवून बघितलं आणि शेजारी पडलेलं जुनं दावं एका ओढीत कापलं. मग आत हाक मारून वहिनीला म्हणाला, "अगं, हात नाय गेला माजा." तो हसत होता. माझ्यावर रागवायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. तेव्हासुद्धा मला त्याचा हेवाच वाटला. माझ्या हाताला असं काही येत होतं का, की जे गेलं तर मी इतका झुरेन आणि परत आलं तर इतका हसेन?

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पाच महिनं तुज्याकडं होता. काय काय कापलंस रं यानं?"

मी आठवून बघितलं. कुणी ओळखेल या भीतीनं मी तो खिशातून बाहेरही काढला नव्हता.

"काहीच नाय, दादा," मी म्हणालो.

तेव्हा तो रागावला.