या वाक्यात कर्ता कुठाय?

नलूताई गेल्या, त्याला तीन आठवडे झाले. सकाळी सव्वासातला आगाशीहून त्यांच्या भाचीचा फोन आला. शाळेत त्यांनी मराठी शिकवलं हे सगळे सांगतात. मला त्यांनी ते मी चाळिशी ओलांडल्यावर शिकवलं. त्याची हकिगत सांगतो. तिच्यात माझी बाजू चांगली नाही.

सत्त्याण्णव साली मनवेलपाड्यातल्या आमच्या चोवीस घरांच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो. दुसऱ्या मजल्यावरची जागा कांबळे घेत होते. ते रेल्वेत, पत्नी नर्स. आधीच्या तीन विक्रींना मी आठवड्याच्या आत ना-हरकत पत्र दिलं होतं. कांबळ्यांचं आडनाव वाचून कमिटीतले देशमुख म्हणाले, ‘‘जरा बघू.’’ जात कुणीच उच्चारली नाही. पत्र मीही दिलं नाही. दोन महिने गेले. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘काही कारणाने निर्णय प्रलंबित राहिला.’

पुढच्या सभेत ते वाचलं, तशा आमच्याच इमारतीत राहणाऱ्या नलूताई उठल्या. ‘‘सेक्रेटरी, या वाक्यात कर्ता कुठाय?’’

‘‘बाई, शाळा सुटली!’’ देशमुख हसले.

‘‘तुमची लवकर सुटली, दिसतंच आहे. निर्णय आपला आपण राहिला का? आपण ठेवला. आणि कारण लिहा, जात.’’

‘‘इथे कोण जात पाळतंय?’’

‘‘मी पाळते,’’ नलूताई म्हणाल्या. ‘‘भांडी घासायला येणाऱ्या पार्वतीचा कप माझ्या घरी वेगळा आहे. वर्गात समता शिकवायची आणि घरी येऊन तो कप वेगळा विसळायचा... आधी माझं लिहा.’’

मी लिहिलं. मग माझं लिहिलं. देशमुखांनी सही केली नाही. पत्राचा ठराव मात्र सभेने बहुमताने संमत केला.

पत्र घेऊन मी नायगावला, कांबळ्यांच्या भाड्याच्या खोलीवर निघालो. जिन्यात नलूताई भेटल्या. ‘‘काय म्हणणार तिथे?’’

‘‘गैरसमज झाला, वाईट वाटलं असेल तर क्षमा करा.’’

‘‘झाला, वाटलं... तुम्ही कुठे आहात यात?’’

गाडीत सगळा वेळ मी एकच वाक्य घोकत होतो. दार वहिनींनी उघडलं. उंबऱ्यातच म्हणालो, ‘‘तुमचं आडनाव बघून मी पत्र अडवलं. चूक मी केली.’’

‘‘ते आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं,’’ वहिनी म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत. कांबळ्यांनी पत्र उजेडात धरलं. मी घाईने म्हणालो, ‘‘हवं तर अर्जाच्या दिवसाची तारीख घालून देतो.’’

‘‘नको,’’ कांबळे म्हणाले. ‘‘आजचीच राहू द्या. उशीर दिसला पाहिजे.’’

हे मी परत येऊन सांगितलं, तेव्हा नलूताई म्हणाल्या, ‘‘इतिवृत्त लिहायला कांबळेच हवे होते.’’

सोसायटीची वही अजून माझ्याकडेच आहे. ‘झाले’, ‘राहिले’ असं लिहून गेलो की पेन उचलतो, कर्ता शोधतो. सापडतो... बऱ्याचदा तो मीच असतो. मग खोडून पुन्हा लिहितो.