कमलबाईने भट्टी सोडली नाही

सोमवार, ११ मार्च २०२४, मु. ईट, ता. भूम. सकाळी नळाला पाणी आलं. कढीपत्त्याची छाटणी केली. दुपारी कमलबाई खवा द्यायला आली; बस म्हटलं तरी बसेना.

कमलबाई आमच्या गल्लीच्या टोकाला खव्याची भट्टी चालवते. नवरा गेल्यापासून एकटीच कढईसमोर बसून दूध आटवते. दर चैत्रात सोनारीच्या यात्रेला तिच्या हातचे पेढे भैरवनाथापुढे जातात. त्या मानाचा तिला कोण अभिमान!

"काकू, यंदा भट्टी लिंबाजीभावजींना देऊन टाकते," ती म्हणाली. लिंबाजी तिचा धाकटा दीर. "माज्या हातचं देवाला चालायचं न्हाय आता."

"का गं? काय झालं?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने सांगितलं. दिवाळीपासून खाली खाज सुटली होती. भट्टीच्या धगीपुढे बसवत नव्हतं. दह्यासारखं पांढरं जात होतं. मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून लावली. थोडं बरं वाटलं, पुन्हा तेच.

"आणि धुतेस कशाने?"

"कढई धुते तसंच की! गरम पाण्यात सोडा टाकून, पार आतपतुर. देवाचं काम हाय, सोवळं नको?"

दुधाचे कॅन घासायच्या सोड्याने ती स्वतःला धूत होती!

"उद्या भूमला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"भूमला नको. तिथं समदे वळखीचे."

म्हणून आम्ही एसटीने धाराशिव गाठलं. तिथल्या डॉक्टर शिवप्रियांसमोर कमलबाईने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच सांगा."

"अंग तुझं, त्रास तुला. तूच सांग."

तिने मान खाली घातली आणि एका दमात सगळं सांगितलं, सोड्यासकट.

डॉक्टरांनी तपासलं, स्राव तपासणीला घेतला. मग तहान फार लागते का, लघवीला सारखं जावं लागतं का, असं विचारून बोटाचं रक्त घेतलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली.

"योनीमार्गात बुरशी झालीय," त्या म्हणाल्या. "साखर वाढली की ती फिरून फिरून येते. त्यात सोड्याने कातडी सोलवटलीय. यात पाप नाही आणि तुम्ही घाणेरड्याही नाही. पेढे खाता का?"

"चाखल्याबिगर जमला का कसं कळंल, म्याडम?"

"मग चाखा आणि थुंका!"

कमलबाई हसली. दिवाळीनंतर ती हसलेली मला आठवत नव्हती.

आत ठेवायच्या गोळ्या आणि साखरेचं औषध मिळालं. धुवायचं ते फक्त बाहेरून, साध्या पाण्याने. आतले कपडे सुती, आणि घामाने भिजले की बदलायचे. "आठवड्यात फरक पडला नाही, घाण वास आला, फोड आले, ओटीपोटात दुखलं किंवा ताप आला तर लगेच या. पाळी कायमची बंद झाल्यावर कधी रक्त दिसलं तर त्याच दिवशी या. आणि दिवाळीची खाज होळीपर्यंत अंगावर काढायची नाही!"

आठवडाभरात खाज ओसरली. महिन्याने पुन्हा दाखवलं तेव्हा बुरशी गेली होती आणि साखरही उतरणीला लागली होती.

गुढीपाडव्यानंतर लिंबाजी आला. मी भट्टीवरच होते.

"वहिनी, कढई कवा न्यायची?"

"कढई जाग्यावरच ऱ्हाईल, भावजी. लाकडं तेवढी आणून टाका, लई काम पडलंय."

तो लाकडं आणायला गेला. शेजारची उमाबाई दूध घालायला आली होती. तिने हळूच विचारलं, "कमल, तुला नेमकं झालं काय हुतं गं?"

"खाली खाज सुटली हुती," कमलबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "तुलाबी सुटली का? चल, डॉक्टरीण दाखवते."

उमाबाईने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग मान डोलावली.

यात्रेच्या दिवशी कमलबाई नवं लुगडं नेसून पेढ्यांची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन सोनारीला गेली, आणि येताना माझ्यासाठी प्रसाद घेऊन आली.

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिलं: एक पेढा खाल्ला. बाकीचे डब्यात घालून डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला. मुंग्या फार झाल्यात.