काकांनी वाचून दाखवलेले आकडे

त्या दुष्काळात आमच्या दूध संस्थेनं रोख पैसे देणं बंद केलं. दर दहा दिवसांचे पैसे थेट बँकेत, तेही घरातल्या बाईच्या खात्यावर, असं ठरलं. खात्याला मोबाइल नंबर हवा होता. काकूकडे फोन नव्हता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून काकांनी माझाच नंबर दिला. तेव्हापासून पैसे जमा झाल्याच्या मेसेजवरून काकूच्या म्हशीचं दूध किती घटलं, हे मला घरबसल्या कळू लागलं. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं.

म्हैस काकूला माहेरून मिळालेली. तिला घेऊन काकू लिंबागणेशजवळच्या चारा छावणीत राहायला गेली होती. म्हैस गाभण आहे, पाऊस लागेपर्यंत कशीतरी निभावून नेऊ, असं तिचं म्हणणं. काकांना ते पटत नव्हतं. दूध कमी झालं की म्हैस बाजारात, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. काकू त्यांना म्हणायची, "दूध हाय तेवढंच हाय." मग काका मला विचारायचे, "आला का गं बँकेचा मेसेज?" मी "बघते" म्हणून आत जायचे आणि मेसेज पुसून टाकायचे.

शेवटी ते वैतागले. "आता पुढचा आला की फोनच दे इकडं. मोबाइलच्या दुकानात वाचून घेतो. तुला एवढं शिकवून काय उपेग न्हाई."

मी काकूला निरोप पाठवला. पैसे जमा होण्याच्या आदल्या दिवशी ती बँकेत आली. छावणीतल्या कुणाचा तरी जुना फोन आणि नवं सिमकार्ड घेऊन. नंबर बदलायचा अर्ज मी लिहिला. कॉम्प्युटरवरच्या साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, मावशी. तो सांगा."

मी पर्समध्ये हात घातला. सकाळी वीज आली म्हणून फोन घरी चार्जिंगला लावला होता, तो तिथंच राहिला होता.

"मग उद्या या," साहेब म्हणाले.

"उद्या कशी येऊ? म्हशीला सांगून आले व्हय, थांब म्हून?"

रांगेतली माणसं हसली. मला वर बघवेना. साहेबही हसले आणि त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. आमच्या घरात मुलीच्या फोनला कुलूप घालायची पद्धत नाही. मी माझाच नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर काकांनी उचलला.

"हालो, कोन?"

"काका, मी. बँकेतून बोलतेय."

"बँकेत? कशाला गेलीस?"

"कॉलेजचं काम आहे. आता एक मेसेज येईल. त्यातले आकडे तेवढे वाचून दाखवा."

थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "आला. समदं इंग्रजीच हाय की गं."

"आकडे बघा, काका. एका जागी असतील."

या खात्याचा मोबाइल नंबर बदलत आहे, हा अर्ज तुमचा नसेल तर बँकेला कळवा, असं त्या इंग्रजीत लिहिलं होतं. ते काकांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ते त्यातून फक्त आकडे शोधत होते. एकेक आकडा ते दोनदा म्हणायचे. "लिव्हलास का? मंग फुडचा ऐक."

मी सांगत गेले, साहेब टाइप करत गेले. "झालं," ते म्हणाले.

तिकडे काका कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "बँकेचा मेसेज वाचला मी! हिच्या इंग्रजीचं काम अडलं होतं."

काकू माझ्या खांद्याला लागून उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. आधी ती हसली, मग तिनं पदर तोंडाशी धरला. "ठेव गं फोन," ती हळूच म्हणाली. "ऐकवत न्हाई."

"जमलं का न्हाई?" काका विचारत होते.

"जमलं. थँक्यू, काका."

आमच्या घरात कुणी कुणाला थँक्यू म्हणत नाही. माझ्या तोंडून ते कसं गेलं कळलं नाही.

"त्यात काय एवढं," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आणखी काय वाचायचं असलं तर सांग. हाय मी घरीच."