भावाचा कोट घालून बँकेत

आमच्या घरात शिकला एकटा थोरला भाऊ. तो मिलिट्रीत भरती झाला अन लढाईत कामी आला. मी शाळेच्या कुडावरून उडी मारून पळालेला, तर मी अजून टकाटक हाय. "देवाला निवडता येत नाय," असं आमच्या वहिनी म्हणतात. माझ्या तोंडावर म्हणतात.

वहिनींचं घर चालतं भावाच्या पेन्शनवर. सरकार ती मधीमधी वाढवतं, पण वाढल्याची खबर वहिनींच्या आधी किराणेवाल्याला लागते. मी सातपूरला एका वर्कशॉपात हेल्पर. म्हणजे काम दुसऱ्यानं करायचं, मी नुसता पाना धरायचा. माझा पगार घरी पोचायच्या आधीच गॅसच्या टाकीत शिरतो. त्यामुळं वहिनींना माझी मदत अशी काही नाय, नुसती सोबत.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी बँकेत जाऊन आपण जिवंत हाय हे दाखवायचं असतं. नाय दाखवलं तर पेन्शन बंद. यंदा थंडी लय पडली. स्वेटरचा भाव ऐकूनच मला घाम फुटला, तर वहिनींनी पेटीतनं भावाचा मिलिट्रीचा कोट काढून दिला. मिशा तर वाढल्याच व्हत्या. न्हाव्यानं दर वाढवल्यापासनं मी त्याच्या दुकानावरनं मान खाली घालून जातो.

असा सजून मी वहिनींना स्कूटरवर बँकेत नेलं.

खिडकीतल्या साहेबानं वहिनींच्या कागदावरचा जोडीचा फोटो बघितला. त्यात कोटातला, मिशावाला भाऊ. मंग माझ्याकडं बघितलं. परत फोटो.

"हे कोण?"

आपल्याला गंमत करायची खोड. म्हणलं, "ओळखा की साहेब!"

"ओळखलं. बाई, तुमचे मिस्टर तर जिवंत आहेत! इतकी वर्षं कुठं लपवले होते?"

खोटं कशाला बोलू, फोटोतला भाऊ लय देखणा, त्यामुळं मला आधी बरंच वाटलं. तेवढ्यात साहेब म्हणाला, "चौकशी होईपर्यंत पेन्शन थांबवावी लागेल," अन वहिनींनी खिडकीची कड घट्ट धरली.

"अहो, हा माझा धाकटा दीर! भाऊजी, आधारकार्ड दाखवा."

आधारकार्ड घरी, दुसऱ्या पँटीत.

रांगेत काठी घेतलेले एक रिटायर सुभेदार व्हते. ते पुढं आले अन माझ्या कानाजवळ ओरडले, "सावधान!"

मी दोन्ही हात वर केले.

सगळी रांग हसायला लागली. "अरे, हात खाली! पाय जुळव! छाती पुढं!" मी छाती काढायला गेलो तर पोट पुढं आलं. कोटाचं बटण उडून साहेबाच्या चहात पडलं.

सुभेदार म्हणाले, "साहेब, जन्म कवायत शिकवण्यात गेला माझा. हा गडी फौजेतला नाय."

वहिनी पदरात हसत म्हणाल्या, "आमचे हे असे उभे राहिले असते तर मी मांडवातनंच परत गेले असते."

साहेब पण हसला, पण कार्ड पाहिजेच म्हणाला. मंग माझ्या बायकोनं मोबाईलवर कार्डाचा फोटो धाडला. साहेबानं नाव वाचलं, माझं तोंड बघितलं अन वहिनींचा अंगठा घेतला. पेन्शन वाचली.

बाहेर आल्यावर मी कोट काढायला लागलो.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "थंडी हाय. मिशा तेवढ्या काढा."

"न्हाव्याचे दर ठाऊक हायेत का?"

"मी देते."

तेलाची पिशवी घेताना तीन दुकानं हिंडणारी बाई! मी गुपचूप न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. आमच्यात घरचं कोणी गेलं की मिशा उतरवतात. न्हाव्यानं वस्तरा उचलला अन हळूच विचारलं, "कोण वारलं हो?"

म्हणलं, "थोरला भाऊ. आज बँकेनं नक्की केलं."

दारात उभ्या वहिनी इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. न्हाव्यानं पैसे घेतले नाय.